जुन्या लॅपटॉपवर हलका लिनक्स: कोकणातल्या घरासाठी पहिल्यापासून

गणपतीला गावी येताना चाकरमानी ऑफिसचा किंवा स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊन येतो, घरच्यांच्या हवाली करतो आणि विसर्जन झालं की मुंबईला परततो. मागे राहिलेला तो लॅपटॉप चालू व्हायला पाच-सात मिनिटं घेतो, ब्राउझर उघडला की पंखा घोंघावायला लागतो आणि महिन्याभरात तो कपाटात जातो. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि यातल्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. म्हणून लोक त्यांना भंगार समजतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. होमस्टेचं बुकिंग, हापूसच्या पेट्यांचा हिशेब, सातबारा काढणं, मुलांचा अभ्यास ही सगळी कामं या यंत्रांवर व्यवस्थित होतात. फक्त त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्यावर हलकं डेस्कटॉप, म्हणजे मेनू-खिडक्यांचा भाग, हवं आणि ते नीट बसवायला हवं.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या: आधी मोजायचं, मग एकच गोष्ट बदलायची, पुन्हा मोजायचं. इंटरनेटवर ‘लिनक्स वेगवान करा’ म्हणून पंधरा-वीस उपाय एकत्र दिलेले असतात. नवखा माणूस ते सगळे एका दमात करतो आणि मग कशामुळे काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

आणखी एक. खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

यंत्र ओळखा

विंडोज अजून चालू असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट इथे जा. दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: रॅम किती आणि प्रोसेसर ६४ बिटचा आहे की ३२ बिटचा. तिसरी गोष्ट म्हणजे आत फिरणारी हार्ड डिस्क आहे की एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती ठेवणारी न फिरणारी डिस्क. लॅपटॉप शांत खोलीत कानाजवळ धरलात तर फिरणारी डिस्क ऐकू येते.

लिनक्स वेगवेगळ्या तयार संचांत मिळतं, त्यांना वितरण म्हणतात; इथे आपण डेबियन हे वितरण धरलं आहे, आणि एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी ही त्यावरची दोन हलकी डेस्कटॉप. रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर एक्सएफसीई घ्या. २ जीबी असेल तर एलएक्सक्यूटी. त्याहून कमी असेल किंवा प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर अँटीएक्स नावाचं वितरण घ्या. ते आइसडब्ल्यूएम या अगदी हलक्या विंडो मॅनेजरवर (नुसत्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर) चालतं आणि ३२ बिटची आवृत्ती अजून देतं. डेबियनने ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर बंद केला आहे, तेव्हा जुन्या लेखांवर विसंबून तो शोधत बसू नका.

एक्सएफसीई १९९६पासून आहे. मेनू, पॅनेल, फाइल मॅनेजर सगळं जिथे असावं असं वाटतं तिथेच असतं, त्यामुळे विंडोजवरून येणाऱ्या वहिनींना किंवा काकांना वेगळं शिकवावं लागत नाही. एलएक्सक्यूटी २०१३च्या सुमाराला एलएक्सडीई आणि रेझर-क्यूटी या दोन प्रकल्पांच्या एकत्र येण्यातून उभं राहिलं. ते थोडं आणखी हलकं आहे, पण सेटिंग्ज जरा विखुरलेल्या वाटतात. घरातली माणसं वापरणार असतील तर माझं मत एक्सएफसीईलाच. शंभर-दीडशे एमबी रॅम वाचवण्यापेक्षा घरच्यांना प्रिंट कुठून द्यायची हे न विचारता कळणं जास्त मोलाचं आहे.

फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवरही एक्सएफसीई छान चालतं. पण तिथे ग्राफिक्सपासून एकेक गोष्ट स्वतः बसवावी लागते आणि लॅपटॉपच्या वायफाय चिपांना असणारा आधार लिनक्सपेक्षा कमी आहे. लिनक्सवर हात बसला की मग तिकडे जा.

पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर ते एसएसडीवर करा. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्या जागी दोन-चार स्क्रू काढून बसते. फिरणारी डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते आणि साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. खरा फरक मात्र विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना पडतो, आणि यंत्र चालू होताना नेमकं तेच काम असतं. हलकं डेस्कटॉप हा फरक भरून काढू शकत नाही. रॅम वाढवणार असाल तर जुनी पट्टी काढून दुकानात घेऊन जा. साधी डीडीआर३ पट्टी १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांना एलवालीच लागते.

फाइल आणा, पेनड्राइव्ह बनवा

आधी घरातल्या सगळ्या फायली बाहेर काढा. फोटो, कागदपत्रांच्या पीडीएफ, हिशेबाच्या शीट. डिस्क पुसली जाणार आहे.

मग डेबियनच्या संकेतस्थळावरून एक्सएफसीईची लाइव्ह आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवता येणारी फाइल, उतरवा. तिथे नेटइन्स्ट नावाची लहान फाइलही असते, आणि शहरात मी तीच सुचवली असती. पण ती बाकीचं सगळं इन्स्टॉल करताना नेटवरून ओढते. ज्या वाडीत मोबाइलची रेंज पडवीच्या एका टोकालाच मिळते, तिथे हे मध्येच अडकतं. लाइव्ह फाइल मोठी, काही जीबींची असते. ती तालुक्याच्या गावी, चांगल्या जोडणीवर एकदाच उतरवून आणा.

उतरवून झाल्यावर तपासणी करा. तुटक्या रेंजवर आलेली फाइल दिसायला पूर्ण असते आणि आत कुठेतरी खराब असते. मग इन्स्टॉलेशन सत्तर टक्क्यांवर थांबतं आणि माणूस लॅपटॉपला दोष देतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही कमांड आणि पुढे फाइलचं नाव दिलं की अक्षर-अंकांची एक लांब ओळ मिळते. ती एसएचए २५६ पद्धतीची असते. डेबियनच्या पानावर त्याच नावाच्या यादीत तुमच्या फाइलसमोर जी ओळ आहे ती हुबेहूब तीच हवी. एकही अक्षर वेगळं असेल तर फाइल पुन्हा उतरवा.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. विंडोजवर रुफस हा छोटा प्रोग्राम वापरून आयएसओ त्यावर लिहा. नुसती फाइल कॉपी-पेस्ट करून चालत नाही.

आधी चालवून पाहा

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करताना बूट मेनूची कळ दाबायची. डेल आणि लेनोव्होवर बहुतेक वेळा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९. लाइव्ह डेस्कटॉप उघडला की लगेच इन्स्टॉल करू नका. अर्धा तास तसाच वापरा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण बंद करून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवता येतं का. २०२३च्या डेबियन १२पासून वायफाय चिप चालवणारे बंदिस्त फर्मवेअरही अधिकृत फाइलमध्येच येतात, त्यामुळे पूर्वीसारखी शोधाशोध सहसा लागत नाही.

सगळं ठीक असेल तर डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून इन्स्टॉल करा. भाषा, आशिया/कोलकाता हा टाइम झोन, पूर्ण डिस्क वापरा, फाइल सिस्टीम एक्सटी४. नवख्याने बाकी काही बदलू नये.

ज्यांनी तरीही नेटइन्स्ट घेतली आहे त्यांच्यासाठी दोन खुणा. रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड विचारला जातो तिथे तो रिकामा सोडा. मग तुमच्याच खात्याला सुडोचा, म्हणजे प्रशासकाची कामं करण्याचा, अधिकार मिळतो. आणि पुढे डेस्कटॉप निवडायच्या पडद्यावर जीनोम या डेस्कटॉपची खूण काढून एक्सएफसीईवर खूण करा. नुसतं ‘डेबियन डेस्कटॉप’ निवडून पुढे गेलात तर जीनोम बसतं, आणि ४ जीबीच्या जुन्या यंत्राला ते जड जातं.

एका यंत्रावर दोन-तीन डेस्कटॉप बसवून बघायचा मोह होतो. प्रत्येकाबरोबर त्याचा फाइल मॅनेजर, त्याचं टर्मिनल, त्याच्या पार्श्वसेवा येतात, मेनूत सगळं दुहेरी दिसायला लागतं आणि नंतर निवडून काढणं किचकट होतं. तुलना करायची तर लाइव्ह पेनड्राइव्हवर करा.

पहिलं मोजमाप

यंत्र नव्याने चालू करा, काहीही उघडू नका, दोन मिनिटं थांबा. टर्मिनल उघडून ‘फ्री’ ही कमांड द्या. तिच्यापुढे जागा सोडून आडवी रेघ आणि एच जोडा, म्हणजे आकडे एमबी-जीबीत दिसतात.

इथे बहुतेकांची फसगत होते. वरच्या ओळीत ‘फ्री’ नावाचा रकाना असतो आणि त्यातला आकडा अगदी लहान दिसतो. थोडं काम केलं की तो शंभर-दोनशे एमबीवर येतो. माणूस घाबरतो. पण लिनक्स रिकामी रॅम तशी पडू देत नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली तिच्यात जपून ठेवतो आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की ती तत्काळ सोडतो. म्हणून शेवटचा ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहायचा. नव्या प्रोग्रामला खरोखर किती जागा मिळेल ते तो सांगतो. ४ जीबीच्या यंत्रावर एक्सएफसीई सुरू झाल्यावर तिथे साधारण ३ जीबीच्या आसपास दिसायला हवं. हा आकडा तारीख टाकून वहीत लिहा. पुढचा प्रत्येक बदल याच आकड्याशी ताडून बघायचा आहे.

काय बंद करायचं, काय नाही

सेटिंग्जमध्ये ‘सेशन अँड स्टार्टअप’ उघडा. तिथल्या ‘अॅप्लिकेशन ऑटोस्टार्ट’ या यादीत यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम असतात. ब्लूटूथ वापरत नसाल तर ब्लूमनची खूण काढा. प्रिंटर नसेल तर प्रिंट रांगेचं चिन्हही जाऊ द्या; ते काढलं तरी प्रिंटिंग बंद पडत नाही.

तीन गोष्टींना हात लावू नका. पॉलिसीकिट एजंट बंद केलात तर पासवर्ड विचारणारी खिडकी येणार नाही आणि अर्ध्या सेटिंग्ज मुकाट्याने नापास होतील. नेटवर्कचं चिन्ह गेलं तर घरच्यांना वायफाय जोडता येणार नाही. आणि पॉवर मॅनेजर गेला तर बॅटरी संपताना यंत्र धाडकन बंद पडेल.

त्याच खिडकीत ‘लॉगआउट करताना सेशन आपोआप जतन करा’ अशा अर्थाचा पर्याय असतो. तो बंद ठेवा. नाहीतर काल उघड्या राहिलेल्या खिडक्या आज पुन्हा उघडतात आणि यंत्र हळूहळू जड का होतंय ते कळत नाही.

आता ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये ‘कंपोझिटर’ हा भाग. खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकता इथून येते. जुन्या ग्राफिक्सवर आधी फक्त सावल्यांच्या खुणा काढून बघा. तरी खिडक्या ओढताना यंत्र अडखळत असेल तर कंपोझिटर पूर्ण बंद करा. मग एखादा व्हिडिओ लावा आणि चित्र आडवं फाटल्यासारखं दिसतंय का ते पाहा. दिसत असेल तर तो पुन्हा चालू करणंच बरं. त्या यंत्राला तेच मानवतं.

होमस्टे चालवणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. खोल्यांचे, समुद्राचे, पाहुण्यांचे हजारो फोटो एकाच फोल्डरमध्ये असतील तर तो उघडताच टम्बलर नावाची सेवा प्रत्येक फोटोचं छोटं चित्र बनवायला बसते आणि प्रोसेसर पूर्ण गुंततो. थुनार या फाइल मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये थंबनेल ‘नेव्हर’ करा किंवा फोटो महिन्यावार फोल्डरांत वाटा. एवढ्या एका बदलाने मी ‘मेलेले’ म्हणून बाजूला ठेवलेले लॅपटॉप कामाला लागलेले पाहिले आहेत.

वॉलपेपर, आयकॉन, थीम यांच्यामागे लागू नका. त्याने वाचणारी रॅम नगण्य असते.

रॅम कमी पडते तेव्हा

रॅम भरली की लिनक्स तिच्यातला न लागणारा भाग डिस्कवरच्या स्वॅपमध्ये हलवतो. ओटीवर मावत नाही म्हणून सामान माळ्यावर टाकावं आणि लागेल तेव्हा दर वेळी शिडी लावावी, तसा हा प्रकार. फिरणारी डिस्क असेल तर ही शिडी फारच उंच.

उपाय आहे झेडरॅम. यात रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून वापरतात आणि तिथे जाणारी माहिती दाबून लहान करून ठेवतात. दाबायला-उलगडायला प्रोसेसरला थोडं काम पडतं, पण डिस्कच्या तुलनेत ते कितीतरी वेगवान असतं. डेबियनवर ‘झेडरॅम-टूल्स’ हे पॅकेज बसवा. ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट या उपफोल्डरात ‘झेडरॅमस्वॅप’ नावाची फाइल मिळेल. तिच्यातल्या ‘पर्सेंट’च्या ओळीसमोरचं हॅशचं चिन्ह काढा, तिथे ५० ठेवा आणि यंत्र पुन्हा सुरू करा.

याच जोडीला ‘स्वॅपीनेस’ची, म्हणजे लिनक्स किती तत्परतेने स्वॅपकडे वळतो हे ठरवणाऱ्या आकड्याची, गोष्ट येते. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हा आकडा मुळात ६० असतो. जुने सल्ले सांगतात, तो १० करा. फिरणाऱ्या डिस्कवर स्वॅप असताना तो सल्ला योग्य होता. झेडरॅम चालू असताना मात्र उलटं आहे: स्वॅप स्वस्त झालेला असतो, म्हणून आकडा वाढवून १०० किंवा त्याच्या वर न्यायचा. नव्या कर्नलमध्ये तो २००पर्यंत जातो. दोन्ही उपाय कुठून तरी उचलून एकत्र केले की झेडरॅम बसवूनही त्याचा उपयोग होत नाही.

सगळं केल्यावरही यंत्र कुंथत असेल तर बहुधा कारण ब्राउझर असतो. आजची एक जड वेबसाइट पूर्ण एक्सएफसीईइतकी रॅम खाऊ शकते. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, कोलन, ‘प्रोसेसेस’ असं लिहा. कोणता टॅब किती खातोय ते समोर दिसतं. यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन घाला. जाहिराती न उतरल्याने रॅम वाचतेच, शिवाय मोबाइलचा डेटाही वाचतो. ‘मागच्या खिडक्या पुन्हा उघडा’ हा पर्याय बंद ठेवा.

मराठी

‘फॉण्ट्स-देवा’ हे पॅकेज बसवलं की देवनागरीचे बरेच फॉण्ट एकदम येतात. टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंग्जमध्ये लेआउटच्या यादीत भारताखाली मराठी निवडा. हा मार्ग मला पसंत आहे, कारण त्यासाठी वेगळी सेवा चालवावी लागत नाही. ज्यांना फक्त रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची सवय आहे त्यांना आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम लागेल. तो थोडी रॅम घेतो, पण चालेल.

खारी हवा, ओल आणि वीज

पावसाळ्यात लॅपटॉप ‘हळू’ झाला म्हणून कुणी सांगितलं की मी आधी तापमान बघतो. हवा बाहेर जायची जाळी धूळ, केस आणि दमट हवेतल्या चिकट्याने बुजली की प्रोसेसर तापतो, आणि स्वतःला वाचवायला तो आपला वेग खाली आणतो. सॉफ्टवेअरमध्ये कितीही फेरफार करा, फरक पडणार नाही. ‘एलएम-सेन्सर्स’ बसवा आणि ‘सेन्सर्स’ ही कमांड द्या. साध्या कामातही आकडा ९० अंश सेल्सिअसच्या आसपास जात असेल तर यंत्र उघडून पंखा साफ करून घ्या, थर्मल पेस्ट बदला.

किनाऱ्याजवळच्या घरात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ साचतो आणि लॅपटॉप नुसता काळा पडदा दाखवतो. बॅटरी काढून, पट्टी बाहेर घेऊन, शाळेच्या खोडरबराने हलकेच पुसली की बऱ्याचदा काम होतं. आणि पावसाचे चार महिने यंत्र कपाटात कोंडून ठेवू नका. आठवड्यातून एक-दोनदा तासभर चालवलं की आतली ओल निघून जाते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

वीज जाण्याचं म्हणाल तर एक्सटी४ ही फाइल सिस्टीम जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ठेवते, त्यामुळे अचानक बंद पडल्यावर पुढच्या वेळी ती स्वतःला सावरते. पण अर्धवट लिहिलेला हिशेब ती परत आणून देत नाही. पॉवर मॅनेजरमध्ये बॅटरी अगदी खाली गेल्यावर ‘शटडाउन’ निवडा. जुन्या बॅटऱ्या २० टक्के दाखवता दाखवता शून्यावर येतात, म्हणून ही मर्यादा १५-२०वर ठेवा. लिबरऑफिसमध्ये ऑटोरिकव्हरी पाच मिनिटांवर आणा.

अपडेट मात्र वादळी पावसात लावू नका. सुरू केलेली अपडेट वीज गेल्याने मध्येच तुटली तर पुढच्या वेळी नवीन काही बसवता येत नाही आणि पॅकेजचं काम अर्धवट राहिल्याची तक्रार येते. तेव्हा टर्मिनलमध्ये ‘सुडो डीपीकेजी’, जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून ‘कॉन्फिगर’, पुन्हा जागा सोडून एक रेघ आणि ‘ए’ अशी कमांड द्या. राहिलेली पॅकेजं ती एकेक करून पूर्ण करते. मग ‘सुडो एपीटी’, पुढे एक रेघ आणि ‘एफ’, मग ‘इन्स्टॉल’. हे झाल्यावर अपडेट पुन्हा लावा, पण इन्व्हर्टर भरलेला असताना.